शेरीफची नोटीस

शेरीफ ड्वाइटने काउंटीच्या मंडळाला न विचारता दोन नवे पोलीस नेमले. विचारलं तर म्हणाला, “मला लोकांनी निवडून दिलंय.” मंडळाचा अध्यक्ष वेंडेल स्ट्राउड यालाही लोकांनीच निवडून दिलं होतं, म्हणून तो कोर्टात गेला. आज पाचच्या आत शेरीफच्या हातात नोटीस पडली नाही, तर ते दोघे कायम होणार होते. आणि शेरीफला नोटीस बजावायचा अधिकार कायद्याने एकाच व्यक्तीला होता: संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरला. त्या व्हर्लीनबाईही निवडूनच आलेल्या.

वेंडेल धावत त्यांच्या घरी पोचला, तेव्हा बाई ॲपल पाय करायला सफरचंदं सोलत होत्या.

“कॉरोनरबाई, लवकर निघा. तो पार वीस मैलांवर, तुरुंगाच्या कचेरीत बसलाय.”

“निघते की. पण कशावर बसून? माझी सरकारी गाडी तूच काढून घेतलीस ना, वायफळ खर्च म्हणून?”

“मग माझ्या गाडीत बसा!”

“फिर्यादी तू. तुझ्या गाडीतून गेले, तर त्याचा वकील नोटीसच उडवून लावेल.”

“अहो, मग दुसऱ्या कुणाला तरी बोलवा! चार वाजलेत!”

बाईंनी हात पुसले आणि फोन उचलला.

 

“ड्वाइट, तुझ्याकडे आता दोन पोरं जास्तीची आहेत म्हणे. त्यातल्या एकाला गाडी घेऊन पाठव बाबा, तुला नोटीस द्यायचीय.”