शिरगणती

नमुना तोलता तोलता तराजूताईचा फोन तिसऱ्यांदा थरथरला. तिने हातमोजे काढले, इकडेतिकडे पाहिलं आणि नमुने ठेवायच्या थंड खोलीत शिरून दार लोटून घेतलं.

"मॅडम, बोलता येईल ना?" पलीकडून त्या बाईचा मऊ, किंचित घोगरा आवाज आला.

तराजूताई एका औषध कंपनीत बावीस वर्षं औषधांतली अशुद्धी शोधत होती. तिच्या तोलण्यात केसाचाही फरक पडत नसे, म्हणून हे नाव. पण दोन महिने झाले, तिचा जीव टांगणीला लागला होता. मनुष्यबळ नियोजनाचे नवे साहेब रोज टेबलाटेबलाशी येत. कोण काय करतं, किती वर्षं झाली, हे काम दुसऱ्या कुणाला जमतं का, सगळं लिहून घेत. प्रयोगशाळेने त्यांना शिरगणती साहेब म्हणायला सुरुवात केली. आधी सगळे हसले. मग शेजारच्या टेबलांवरचे दोन जुने सहकारी पाठोपाठ नोकरी सोडून गेले. दोघांनाही म्हणे दुसरीकडे चांगली जागा मिळाली होती. त्यानंतर त्यांनी कुणाचाच फोन घेतला नाही, आणि इकडचं हसणंही आटलं.

"तुला नाही काढणार," नवरा समजूत घालायचा. तो शाळेत भूगोल शिकवायचा, आणि कुठलीही गोष्ट नकाशावर दाखवावी तशी सांगायचा. "इतक्या जुन्या माणसाला काढायचं म्हणजे भरपाई देता देता त्यांच्या नाकी नऊ येतील."

तिला ते पटायचं. पण रात्री डोळ्याला डोळा लागत नसे.

अशात या बाईचा फोन आला होता. ती विज्ञान क्षेत्रातल्या कंपन्यांना माणसं शोधून द्यायची. एका नव्या कंपनीला अगदी तराजूताईसारखंच माणूस हवं होतं. बाईला तिच्या कामाची बारीकसारीक माहिती होती. फोनही नेमका टेबलं रिकामी असताना यायचा. आपली किंमत कुणाला तरी कळली, या विचाराने तराजूताईला बरं वाटलं आणि भीती दुप्पट झाली. प्रतिस्पर्धी कंपनीशी बोलताना सापडलं की त्याच दिवशी घरी, असा नियम होता.

एकदा ती सापडलीच. थंड खोलीचं दार उघडलं आणि समोर शिरगणती साहेब. त्यांनी तिच्या कानाशी धरलेल्या फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"गारठाल ताई. फार वेळ उभ्या राहू नका," ते म्हणाले आणि दार ओढून निघून गेले.

त्या दिवशी तराजूताईने एकच नमुना चारदा तोलला. संध्याकाळपर्यंत बोलावणं येईल म्हणून तिने पर्ससुद्धा आवरून ठेवली. कुणीच आलं नाही. ते तिला जास्तच भीतिदायक वाटलं. साहेब कागद तयार करत असणार, दुसरं काय?

तिने घरी सांगितलं, काढून टाकण्याआधी आपणच निघालेलं बरं. व्हिडिओवर मुलाखत झाली. समोरच्या दोघांनी प्रश्न थोडे विचारले, कौतुक फार केलं. नेमणूकपत्र आलं. बाईने बजावलं की शुक्रवारपर्यंत राजीनामा दिला नाही, तर जागा दुसऱ्याला जाईल.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नकोस," नवरा म्हणाला.

"हातचं उरलंय कुठे?" ती म्हणाली.

शुक्रवारी दुपारी तिने साहेबांच्या टेबलावर पाकीट ठेवलं. ते संतापतील, थंड खोलीतल्या फोनचा विषय काढतील, याची तिने तयारी केली होती. साहेबांनी कागद दोनदा वाचला, तारीख घालून सही केली आणि उठून तिला शुभेच्छा दिल्या. आवाजात राग नव्हता.

जिना उतरताना तराजूताईला कितीतरी दिवसांनी नीट श्वास घेता आला. अर्ध्यावर तिला आठवलं, पोच म्हणून सहीची प्रत घ्यायची राहिली. ती परत फिरली. साहेबांचं दार अर्धवट उघडं होतं. टेबलावर स्पीकर चालू करून ते कुणाशी तरी बोलत होते.

"झालं काम. तिसरा राजीनामाही आला," ते म्हणत होते. "ते नेमणूकपत्र आता रद्द करून टाका."

"करते," मऊ, किंचित घोगरा आवाज म्हणाला. "पुढचं नाव सांगा."