माणसाच्या डोक्याची गॅरंटी

विहिरीत उतरून मोटार दुरुस्त करणाऱ्या हिंमतरावांच्या कपाळावरचा एलईडी दिवा परवा तळाशीच विझला आणि ते दोर चाचपडत कसेबसे वर आले. म्हणून ‘दिवसभर चालेल’ अशी ग्वाही देऊन दुकानदाराने बदलून दिलेला नवा दिवा मंजुळाबाईंनी नवऱ्याला देण्यापूर्वी बकरीच्या कपाळाला बांधला. बकरीने डोके झटकले, गव्हाणीला धडका दिल्या आणि दुपारच्या आतच दिवा मिटला. मंजुळाबाई तडक संग्रामपूरच्या दुकानात गेल्या. “बॅटरी भरेल हाय, भाऊ. अंगठ्यानं दाबला का पेटते, सोडला का इझते. सर्किटच ढिलं हाय!” बकरीची हकीकत ऐकून दुकानदार खदखदून हसला. “मावशी, गॅरंटी माणसाच्या डोक्याची असते, बकरीच्या नाही!” मंजुळाबाईंचा संताप अनावर झाला. “मंग बांध तुह्या डोक्याले आन् उतर आमच्या विहिरीत. दिवा इझला, का मी वरून तुले गॅरंटी वाचून दाखवीन!”