ओट्याची उंची

नव्या घराच्या खर्चाची यादी बँकेने मंजूर केलेल्या रकमेच्या तीन लाख चाळीस हजार वर गेली होती. ठेकेदाराने ती फिरवून नवरा-बायकोच्या समोर ठेवली. वर एक पेन्सिल आणि खोडरबर ठेवलं.

"टर्नकी काम आहे, दादा," तो म्हणाला. "पाया खणण्यापासून दाराच्या कडीपर्यंत सगळं माझ्या अंगावर. तुम्ही फक्त किल्ली घ्यायला यायचं. पण काय ठेवायचं, काय काढायचं ते आज ठरवा. सही झाल्यावर बदल केला तर त्याचे वेगळे पैसे. आणि हा भाव आजच्यापुरता. उद्या सळईचा भाव कुठे जाईल, सांगता येत नाही."

नवऱ्याने पेन्सिल घेतली. सरकतं फाटक काढून साधं केलं. सत्तर हजार सुटले. मग तो बराच वेळ यादी वरून खाली, खालून वर वाचत राहिला.

"बाकी सगळं लागणारच आहे," तो म्हणाला.

बायकोने यादी आपल्याकडे ओढली. या ऑफिसचा एक जिना चढताना ती दोनदा थांबली होती आणि अजून तिचा श्वास खाली बसला नव्हता. डोक्याचा रुमाल सरकला होता, तो तिने नीट केला. 'तळमजल्यावरची खोली, जोडून न्हाणीघर' या ओळीवर तिने रेघ मारली. एक लाख ऐंशी हजार.

"ती खोली तुझी आहे," नवरा म्हणाला. "वर कशी चढणार तू?"

तिने पुढची ओळ खोडली. 'चाकाच्या खुर्चीसाठी दाराला उतार.' साठ हजार.

त्याने खोडरबर उचललं आणि दोन्ही रेघा पुसल्या. तिने त्याच जागी पुन्हा मारल्या. त्याने पुन्हा पुसल्या. कागद तिथे खरबरीत झाला.

"मी जरा चहा सांगून येतो," ठेकेदार अर्धवट उठला.

"बसा हो," ती म्हणाली. "तुम्ही उठलात की हेही उठतील. ताबा कधी देणार?"

"अकरा महिने. फार तर बारा."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "डॉक्टरांनी किती सांगितलेत?"

"डॉक्टर काय देव लागून गेला?"

"किती सांगितलेत, ते विचारलं मी."

ठेकेदार टेबलावरचे फरशीचे नमुने सरळ करू लागला. ते सरळच होते.

"चार," तिने ठेकेदाराला सांगितलं. "घाबरू नका, तुमचे पैसे बँक देणार आहे."

"मग बांधायचंच कशाला?" नवऱ्याचा आवाज चढला. "आहोत तिथे बरे आहोत."

"तुम्ही बरे आहात. लेक दहा वर्षांची झाली. घरमालकाने एक दिवस तिला अंगणात सायकल फिरवू दिली नाही." तिला पुन्हा दम लागला. ती थांबली. "आज सही केली नाहीत, तर माझ्यामागे तुम्ही हे घर बांधणार नाही. ओळखून आहे मी तुम्हाला. कागद पिशवीत घालाल आणि पिशवी माळ्यावर टाकाल."

तिने दोन्ही रेघा तिसऱ्यांदा मारल्या. त्याने हात पुढे केला नाही.

"तीस हजार उरले," ठेकेदार हळूच म्हणाला. "ते राहू द्या, वहिनी. मी सोडतो."

"सोडू नका. नंतर सिमेंटमध्ये काढाल. आतला रंग साधा लावा, तेवढे निघतील."

ठेकेदाराला हसावं की नाही कळेना. तिचं बोट यादीवरून खाली सरकत गेलं आणि एका ओळीवर थांबलं.

"हे चुकलंय. ओट्याची उंची, तेहतीस इंच."

"चुकलं नाही, वहिनी. मागच्या खेपेला तुमचंच माप घेतलं होतं मी."

"म्हणूनच चुकलंय. यांचं घ्या."

"माझं कशाला?" नवरा म्हणाला. "मला चहा सोडून काही येत नाही."

"चहाही येत नाही. रंगीत पाणी येतं. शिकाल."

"तेहतीसच राहू द्या," त्याने ठेकेदाराला जोरात सांगितलं. "मी करेन वाकून."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं.

"रोज, दोन्ही वेळा?" ती म्हणाली. आवाज उतरला होता. "कंबर जाईल तुमची. मग पोरीने अभ्यास करायचा की तुम्हाला तेल चोळायचं?"

ठेकेदाराने खणातून टेप काढली आणि गुडघ्यावर बसला. टेपचं टोक त्याने जमिनीला टेकवलं.

"उभे राहा, दादा. हात कोपरात वाकवा. कोपराच्या चार-पाच इंच खाली ओटा आला की काम सोपं जातं."

नवरा उभा राहिला. हात वाकवला. ठेकेदाराने टेप कोपरापर्यंत ताणली, आकडा पाहिला आणि मान वर केली.

"नीट उभे राहा, दादा."

तो हलला नाही. त्याने खांदे पाडले होते. गुडघेही थोडे वाकवले होते. कोपर जितकं खाली नेता येईल तितकं नेलं होतं.

"दादा."

बायको टेबलाला धरून उठली. खुर्चीच्या पाठीला धरत त्याच्या मागे गेली. शाळेच्या फोटोसाठी लेकीला उभी करताना ठेवायची तसा तिने तळहात त्याच्या पाठीवर सपाट ठेवला, आणि दाबला.

"आता मोजा," ती म्हणाली.