सही जुळत नाही

सकाळी साडेदहाला प्रयोगशाळेचं पान उघडेनासं झालं. रुग्णालयाच्या प्रत्येक मजल्यावरून फोन सुरू झाले. नेटवर्कच्या खोलीत ती एकटीच फोन उचलत होती आणि प्रत्येकाला "बघते" एवढंच सांगत होती.

पानाचं नाव टाकलं की ते ज्या संगणकावर आहे त्याचा आकडी पत्ता शोधून द्यायचा, एवढंच या खोलीतल्या सर्व्हरचं काम. त्यासाठी दोन सॉफ्टवेअरची तुलना तिच्याकडे आली होती. जुनं वेगवान. हाती येईल तो पत्ता ते तसाच पुढे सरकवी. नवं प्रत्येक पत्त्यावरची, तो खऱ्या मालकाचाच असल्याची डिजिटल सही तपासून पाही, त्यात जरा रेंगाळे. सुरक्षेत तिने नव्याला भरभरून गुण दिले होते, वेगात हात आखडला होता. आज नव्याची खऱ्या कामावर पहिलीच पाळी. दुपारी निवड व्हायची होती.

साहेब दारात येऊन उभे राहिले. "काय म्हणतंय तुमचं लाडकं?"

"सही जुळत नाही म्हणतंय. पत्ताच देत नाहीये."

"म्हणजे रुसलंय. बसू दे रुसून. खाली लोक रिपोर्टसाठी ताटकळलेत. जुनं लावा."

तिने नोंद पुन्हा वाचली. चाचण्या चालू असताना मागच्या महिन्यातही असंच झालं होतं. प्रयोगशाळेची प्रणाली चालवणारी बाहेरची कंपनी सहीची मुदत वाढवायलाच विसरली होती, आणि तिने दिवसभर उगाच जिवाचं रान केलं होतं. पुन्हा तेच असणार. तरी तिने कंपनीला फोन लावला. कोणी उचलेना. टेबलाखाली तिचा पाय थांबत नव्हता.

तेवढ्यात वहिनींचा फोन आला. भावाची बायको, प्रयोगशाळेची प्रमुख.

"अगं, पेशंट ऑपरेशनच्या टेबलावर आहे आणि मला त्याचा रक्तगट दिसत नाहीये. नणंदेचा तोरा घरी दाखव, इथे पान उघडून दे."

"देते वहिनी, लगेच."

तिने जुनं लावलं. पान क्षणात उघडलं. फोन थांबले. "बघा, म्हातारं अजून पळतंय," म्हणत साहेब निघून गेले. तिने अहवालात नव्यापुढे लिहिलं: ऐन कामात अडथळा.

मग कंपनीतून फोन आला.

"सहीची मुदत? ती तर परवाच वाढवली आम्ही. इकडे सगळं सुरळीत आहे."

तिचा पाय थांबला. "तुमच्या सर्व्हरचा पत्ता वाचून दाखवता?"

त्याने आकडे वाचले. जुनं देत होतं ते आकडे तिने त्याला वाचून दाखवले.

त्याने ते पुन्हा वाचायला लावले. "बाई, हा आमचा नाही."

कोणीतरी वाटेत घुसवलेला खोटा पत्ता नव्याने ओळखला होता, म्हणून तोंड मिटलं होतं. जुनं तोच पत्ता सगळ्या रुग्णालयाला बिनबोभाट वाटत होतं. तिने जुनं बंद केलं आणि वहिनींना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. तेवढ्यात त्यांचाच निरोप पडद्यावर उमटला.

"उघडलं गं बाई. पासवर्ड पुन्हा मागत होतं, घातला. रक्तगट अजून दिसत नाही, म्हणून सगळ्यांना आपापला घालून बघायला सांगितलंय."