चांदी भरलेली दाढ

“रूट कॅनाल करू या, दाढ वाचेल,” एक्स-रे बघून डेंटिस्ट मुलगा म्हणाला. खुर्चीत आई होती, गाल दाबून. “आतल्या चांदीचं काय?” ती चांदी त्याच्या वडिलांनी भरली होती, याच दवाखान्यात, लग्नाआधी. आयुष्यभर टिकेल, असं छातीठोकपणे सांगितलेलं. चांदी राहिली, ते गेले. “ती आधी कोरून काढावी लागेल.” “मग दाढच काढ. अख्खी.” “अगं, वाचणारी दाढ कुणी उपटतं का?” “डॉक्टर तू असशील, दाढ माझी आहे.” त्याने इंजेक्शन दिलं, पक्कड उचलली. दाढ अख्खी निघाली. एक्स-रेत दिसलं तसंच होतं: चांदीच्या कडेला फट राहिली होती, कीड तिथूनच शिरली. त्याने दाढ धुतली, किडकी बाजू खाली करून आईच्या तळहातावर ठेवली. तोंडात कापूस होता, तिने भुवयांनीच विचारलं. “बाबांचं काम पक्कं आहे,” तो म्हणाला.