यमुनेचा कागद

“हे डाग कसले?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. नऊ वर्षांच्या रेणुकाच्या मानेवर चार काळे ठिपके होते. मानेला सारखे झटके बसत होते, अन् प्रत्येक झटक्याला घशातून कुत्र्याच्या पिल्लाच्या भुंकण्यासारखा आवाज निघत होता.

“बिब्ब्याचे,” तिचे आजोबा, रावजी, खालमानेनं म्हणाले. “मीच घातले. तीन दवाखाने झाले, सगळे म्हणाले, खोड आहे. अक्षरंही उलटी काढते. गुरुजी म्हणतात, पोरगी मुद्दाम करते.”

“मुद्दाम नाही करत, आजोबा. आजार आहे हा, मेंदूचा. डागून जात नाही.”

“सांगत नव्हते का, आबा?” रेणुका म्हणाली. “आपोआप होतं.”

“घरात आणखी कुणाला होतं असं?”

रावजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “माझ्या धाकट्या बहिणीला, यमुनेला. बाहेरची बाधा म्हणून बाप तिला मिरच्यांची धुरी द्यायचा. ती हलू नये म्हणून दोर मी धरायचो. एके दिवशी दोर हातून सुटला, अन् ती पळत सुटली ती थेट विहिरीत.”

बाईंनी कागदावर आजाराचं नाव लिहिलं.

“मराठीत लिहा बाई. म्हातारपणी शिकलोय, पण वाचतो.”

बाईंनी मराठीत लिहून दिलं. बोट ठेवून रावजींनी एकेक अक्षर लावलं. मग म्हणाले, “हा रेणुकाचा झाला. असाच एक यमुनेच्या नावाचा द्या.”

“आजोबा, त्या तर आता...”

“ठाऊक आहे. वय अकरा लिहा.”