अकरा नंबरची काच

काचेच्या कोपऱ्यात अकराचा आकडा कोरलेला होता. थोरल्या जावेने त्यावर काळी चिकटपट्टी लावली, नखाने दाबून बसवली आणि जिना चढायला लागली.

सकाळीच नवऱ्याने बजावलं होतं. तीस वर्षं वेल्डिंग करणारा माणूस, काचेतलं त्याला कळत होतं. "ही ठिणगीसाठी. सूर्याला चौदा नंबर लागते आणि ती माझ्याकडे नाही. पोरांच्या हातात ही पडू देऊ नकोस." एवढं सांगून तो कुणाचं तरी फाटक जोडायला गेला. फाटकं जोडणाऱ्याला काय ठाऊक, घरात बायकोचं काय तुटतंय ते.

गच्चीवर ग्रहण बघायला सगळं घर धाकट्या जावेभोवती गोळा झालं होतं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला. तिथून तिने ग्रहणासाठीचा पुठ्ठ्याचा चष्मा आणला होता. एकच, पण तोरा शंभर चष्म्यांचा. पोरं रांगेत उभी. ज्या सासूबाईंनी थोरलीच्या हातचं कधी गोड म्हटलं नाही, त्या चष्मा लावून म्हणत होत्या, "धाकटीमुळे हेही बघून झालं गं बाई." थोरलीने या घरासाठी हाडाची काडं केली. धाकटीने पुठ्ठा आणला आणि मखरात जाऊन बसली.

"सरका," थोरली म्हणाली. "तो कागद राहू द्या. ही खरी काच आहे. कारखान्यातली."

रांग मोडली. 'मोठी आई, मला आधी' करत पोरं तिच्याकडे धावली. थोरलीच्या जिवाला गार वाटलं. क्षणभर तर बघतील, तेवढ्याने काय होतंय, अशी तिने जिन्यातच मनाची समजूत घातली होती.

धाकटीची चिमुरडी सगळ्यांत पुढे. तिने काच घेतली आणि आईकडे पाहिलं. विचारल्याशिवाय वर बघायचं नाही, अशी आईची सक्त ताकीद होती.

"बघ की," धाकटी म्हणाली. "मोठ्या आईने दिलीय ना. मग मला कशाला विचारतेस?"

पोरीने मान वर केली. काच डोळ्यांशी जाणार, तोच थोरलीचा हात पुढे झाला. काच फरशीवर पडली आणि तिचे चार तुकडे झाले.

पोरगी रडायला लागली. बाकीची फिदीफिदी हसली. सासूबाई म्हणाल्या, "हिला हातात काही म्हणून धरवत नाही. आणि दुसऱ्याचं बघवत नाही."

थोरलीने पोरीला तुकड्यांपासून मागे ओढलं.

धाकटी खाली बसून तुकडे वेचू लागली. एका तुकड्यावर चिकटपट्टी होती. तिने ती सोलली आणि आकडा वाचला. अकरा म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने मान वर करून थोरलीकडे नीट बघितलं. मग तो तुकडा रुमालात गुंडाळला.

"हसताय काय रे?" ती पोरांना म्हणाली. "धक्का माझा लागला. आई, वहिनींना उगीच बोलू नका."

थोरलीने आजवर तिच्या गोऱ्या रंगाचा हेवा केला होता, पगाराचा केला होता. पण आत्ता वाटला तेवढा हेवा तिला तिचा कधीच वाटला नव्हता.